डब्यात उरलेलं

शालिकरामने जीपच्या इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडावरून डबा वर उचलला, बोटांना लागलेलं ते मधासारखं घट्ट औषध चिंधीला पुसलं आणि डबा उत्तराच्या हातात दिला.

"तांदळाच्या कोठीमागं ठेव. अन् पाहुण्यायसमोर याचं नाव काढू नको."

डबा ठेवून उत्तरा धावतच जीपमध्ये चढली आणि तिनं स्टार्टर दाबला. रोज धाप लागल्यासारखी धडधडणारी, मागं निळ्या धुराचं शेपूट सोडणारी ती कामठीच्या लिलावातली म्हातारी जीप आज शिवणयंत्रासारखी चालायला लागली. उत्तराला हसूच फुटलं.

"बाबा, बरी झाली की हो ही. मग विकता काहून?"

"बरी कायची होते? आवाज बसते फक्त. आत झिजलेलं काही भरून येत नाही. चांगली तापली का पुन्हा तेच."

उत्तराचं हसू जागच्या जागी विरलं. याआधी दोन गिऱ्हाइकं धूर बघूनच परत गेली होती. आजचंही गेलं तर जीप भंगारात जाणार होती, आणि तिच्याबरोबर उत्तराचं मॅट्रिकनंतरचं कॉलेजही. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ते ठाऊक होतं.

थोड्या वेळानं जीप बघायला खाप्याहून मनोहरराव आले. उंच, खांद्यात वाकलेले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. जुनी गाडी घेणारा हे करतोच. रुमालावर तेलाचे ठिपके उमटले की सौदा तिथंच मोडतो.

रुमाल पांढराच राहिला.

"आमच्या घरचीले दर हप्त्याले कॅन्सरच्या दवाखान्यात शेक द्याले आणा लागते नागपूरले," मनोहरराव रुमालाकडे बघतच म्हणाले. "यष्टीत तिले आता बसवत नाही. जीपमध्ये मागं झोपवून आणता येईन."

"बऱ्या होतील ना काकू?" उत्तराच्या तोंडून निघून गेलं. शालिकरामने डोळे वटारले.

"डॉक्टर म्हणते, दुखणं बसन," मनोहररावांनी रुमालाची घडी घातली. "बाकी ते काही बोलत नाहीत."

उत्तराला एकदम दिसलं. खाप्याच्या वाटेवरचा पाटणसावंगीच्या पुढचा रस्ता, दोन्ही बाजूला झाड नाही, बॉनेट उघडून उभी असलेली हीच जीप आणि मागं आडवी पडलेली एक बाई.

"उत्तरा, गाडी बंद कर अन् चहा टाक वं."

ती खाली उतरली. चावीला तिनं हात लावला नाही.

"बंद कर म्हटलं ना."

"राहू द्या बाबा. काकाजी एवढी दूर नेणार गाडी. त्याईले तापलेलीबी पाहू द्या."

शालिकराम पाहुण्यासमोर उगाच हसला. "मॅट्रिकले बसली तवापासून लय बोलते."

"बोलू द्या गा. माय खाटेवर पडली तवापासून चुप्प झालेल्या पोरीयचं घर मी पाहून राहिलो सध्या," मनोहरराव म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

आत उत्तराने स्टोव्ह पेटवला, पण पंप मारला नाही. चिमणीएवढ्या ज्योतीवर तिनं भांडंभर पाणी चढवलं. धुतलेल्या कपबशा पुन्हा विसळल्या. साखरेतली मुंगी वेचली, दुसरी शोधली. कान मात्र अंगणात होते. आधी एकच टक्‌ असा आवाज आला. मग थांबून दुसरा. मग तिला ओळखीची असलेली ती सगळी धडधड, एकामागून एक, घरी परत आल्यासारखी.

शालिकराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो पोरीकडे बघत होता आणि पोरगी चहाकडे. चार पावलांवर जीप होती, चावी फिरवायची तेवढी बाकी होती. तो चावीकडे न जाता ओट्यावर जाऊन बसला.

उत्तरा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा अंगण निळं झालं होतं. मनोहरराव उठून सायलेन्सरपाशी गेले होते. त्यांच्या हातातल्या रुमालावर काळे ठिपके होते.

"सकाळी औषध टाकलं होतं," शालिकराम खाली बघत म्हणाला. "ऑइलमध्ये."

उत्तराने चावी फिरवली. शांतता झाली, तेव्हा ती आधीच्या आवाजाहून वाईट वाटली. चहावर साय धरत होती.

"आता कवापर्यंत चालन?" मनोहररावांनी विचारलं.

"इंजिन खोलल्याबिगर?" शालिकरामने मान वर केली. आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "दिवाळीपर्यंत रेटन. हळू नेली तर. पुढचं नाही सांगता येत."

मनोहरराव जीपच्या मागच्या बाजूला गेले. एका माणसाला आडवं होता येईल एवढ्या त्या जागेवर त्यांनी हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"घेतो मी. तिले दिवाळीपर्यंत पुरते," ते म्हणाले.

मग त्यांनी कप उचलला, साय बाजूला न सारता चहा पिऊन टाकला आणि काळे ठिपके आत जातील अशी रुमालाची घडी घातली.

"पोरी," ते उत्तराला म्हणाले, "त्या डब्यात काही उरलं हाय का? उरलं असन तर तेबी देऊन दे. आवाज बसला तर तिले मागं झोप तरी लागन."

उत्तरा आत गेली. कोठीमागून डबा काढून तिनं कानाशी धरला आणि हलवला. तळाशी थोडंसं, जड असं काहीतरी अगदी हळू या बाजूनं त्या बाजूला सरकलं.