कावळ्याला दिलेला शब्द

मंचावर सिद्धेश जर्मनमधून भाषण करत होता आणि पहिल्या रांगेत त्याचे वडील, शरदचंद्र, सगळं कळत असल्यासारखी मान डोलवत होते. सून उल्का त्यांच्या कानाशी लागून सांगत होती.

“आज या क्रोमरची जयंती, बाबा. याच गावचा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी राजाविरुद्ध बंड केलं, फसलं, मग अमेरिकेला पळाला. तिथं वकील झाला, निवडणुका जिंकला.”

“परक्याला मतं दिली लोकांनी?”

“म्हणून तर सिद्धेशला बोलावलंय भाषणाला. तोही उभा आहे ना नगरपालिकेला.”

“राहू दे उभा. भाषण संपलं की विचारतोच, कधी निघायचं ते.”

उल्काला भारतातली ती सकाळ आठवली. सासूबाईंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी शरदचंद्रांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, “शैला, सिद्धेशला परत आणतो. कायमचा.” कावळा झेपावलाच. पासपोर्ट बदललाय, प्रचार सुरू झालाय, हे कावळ्याला समजावण्याचं कुणालाच सुचलं नाही. सिद्धेश तिकडे जर्मनीत व्हिडिओ कॉलवर होता. पक्षाची मीटिंगही चालू होती, म्हणून कॅमेरा बंद आणि आवाजही.

मंचावरच्या कसल्याशा विनोदाला सभागृह हसलं. शरदचंद्रही हसले, जरा मागून.

मग सिद्धेशचा आवाज खाली आला. आई गेल्याचं क्रोमरला कळलं तेव्हा तो प्रचारात होता, असं सिद्धेश सांगत होता. त्या संध्याकाळचीही सभा त्यानं घेतली. गावी परतला नाही. कधीच नाही.

“यंदा माझी आई गेली,” सिद्धेश म्हणाला. “मीही गेलो नाही. आता मी इथलाच.”

लोक उठून उभे राहिले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी रुमाल काढले.

“काय म्हणाला गं?”

“आल्झो... म्हणजे...” उल्का अडखळली. “आईची फार आठवण येते म्हणाला.”

“एवढ्यावर रडतायत या बायका?”

“त्यांचीही मुलं लांब असतात, बाबा.”

“मग झालं तर! आता नाही म्हणायचा नाही तो,” शरदचंद्र म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकत उठून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवू लागले.