कुंपण कोणी तोडलं?

शपथेवर खोटं बोलायला तयार असलेली अकरा माणसं सकाळपासून वकीलसाहेबांच्या कचेरीत येऊन गेली होती. बारावा होता न्हावी.

"कुंपण मीच तोडत होतो, लिहून घ्या," तो छाती पुढे काढून म्हणाला.

"कशानं तोडलंस?"

"कशानं म्हणजे... हातानं."

"काटेरी तार? बावीस वर्षं? हातानं?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बघू तळवे."

न्हाव्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अरे, तुम्हा सगळ्यांचा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. पण चाळीस वर्षांत मी एकही खोटा साक्षीदार उभा केला नाही. तो काय आता केस पिकल्यावर करू? जा, दुकान उघड."

न्हावी खाली मान घालून गेला. आतल्या दारात उभी असलेली साहेबांची बायको म्हणाली, "खोट्यांची रांग लागलीय आणि खरा एकही मिळेना. उद्या काय सांगणार आहात कोर्टात?"

"खरं सांगणार."

"म्हणजे हरणार."

"अगं, निकालाआधीच का हरवतेस मला?" साहेब हसले. पण त्या हसण्यात नेहमीचा जोर नव्हता.

गावात साहेबांच्या फीची तऱ्हाच निराळी होती. ज्याला परवडायचं नाही त्याच्याकडून ते एक दिवसाची मेहनत मागायचे. कुणी दगड वाहिले, कुणी चुना कालवला, कुणी कौलं चढवली. एकेक खटला निकाली निघत गेला आणि टेकडीवर आधी शाळा उभी राहिली, मग तिला लागून दवाखाना. खालच्या वस्तीतून तिथे पोचायला बागेतून एक पायवाट होती. जेमतेम दहा मिनिटांची.

यंदा बागमालकानं त्या वाटेवर भिंत घातली. आता मोठ्या रस्त्यानं तासाभराचा वळसा. भिंतीनंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात एक बाई त्या वळशाच्या रस्त्यावर बाळंत झाली. बाळ वाचलं, पण थोडक्यात. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी खटला भरला.

कायदा त्यांच्या बाजूचा होता. वीस वर्षं लोक उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, विनाअडथळा चालत असतील, तर त्या वाटेवर त्यांचा हक्क; आणि अडथळा म्हणायचा तो वर्षभर टिकलेलाच. बागमालकाचं म्हणणं होतं, पहिली गोष्ट, लोक माझ्या परवानगीनं चालत होते. आणि दुसरी, मी दरवर्षी तारेचं कुंपण घालून वाट बंद करत होतो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत बागमालकाच्या घरची माणसं, मागे सारी वस्ती. साहेब उलटतपासणीला उभे राहिले.

"लोकांना जायची परवानगी तुम्ही दिलीत?"

"हो. मोठ्या मनानं," बागमालक म्हणाला.

"आणि कुंपणही दरवर्षी घातलंत?"

"हो. दरवर्षी."

"तेही मोठ्या मनानंच?"

कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला खरा, पण ओठ त्यांनीही दाबून धरले होते.

"कुंपण घालणार हे लोकांना आधी सांगत होता?"

"सांगून काय घालायचं? माझ्या घराबाहेर कुणाला पत्ता लागू देत नव्हतो. आणि घातलं की वर्षभर उभं असायचं."

बागमालक पिंजऱ्यातून उतरून आपल्या माणसांत जाऊन बसला. न्यायाधीशबाई साहेबांकडे वळल्या.

"परवानगी देणारा माणूस कुंपण घालत नाही. तो मुद्दा तुम्ही जिंकलात. पण कुंपणाचं काय? ते वर्षभर उभं असेल, तर तुमचा हक्क गेला."

"मॅडम, ते एक दिवसही उभं राहिलं नाही. आज घातलं की उद्या सकाळी तारा कापून बाजूला गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. बावीस वर्षं, दरवेळी."

"वस्तीतली माणसं तसं सांगणारच, त्यांना वाट हवी आहे. कापणारा माणूस कुठे आहे?"

साहेबांनी समोरचे कागद नीट लावले. मागे न्हावी अर्धवट उठला. साहेबांनी मान वळवून असं काही पाहिलं की तो खुर्ची न बघताच खाली बसला. त्यांना त्या कौलं चढवणाऱ्यांचे, दगड वाहणाऱ्यांचे हात आठवले. न्हाव्याला एक होकार, आणि सगळं वाचत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, आणि आवाज आपोआप ताठ झाला, "बारा जण 'मी कापलं' म्हणून माझ्याकडे आले. बाराही जण खोटं बोलत होते. त्यांतला एकही मी तुमच्यापुढे उभा करणार नाही. गावभर शोधलं. खरा माणूस मला सापडला नाही."

न्यायाधीशबाईंनी लेखणी उचलली.

"माणूस सापडेल कसा, मॅडम?" पुढच्या रांगेतून आवाज आला. "बाई होती ती. घ्या माझी शपथ."

आणि बागमालकाच्या शेजारच्या खुर्चीवरून त्याची बायको उठली.