गाडीची उतरलेली किंमत

“आणखी दोन हजार?” चुआ अंकलनी विचारलं.

“हो अंकल. दोन हजार डॉलर,” शिरीष म्हणाला. होईल तितक्या नम्रपणे म्हणाला, पण आकडा काही खाली आणला नाही.

सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या त्याच्या ब्लॉकखाली, वॉइड डेकवरच्या, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेतल्या, दगडी टेबलाशी दोघं समोरासमोर बसले होते. दोन महिन्यांपूर्वी, अशाच एका शनिवारच्या दुपारी, चुआ अंकलची टॅक्सी शिरीषच्या उभ्या गाडीवर येऊन धडकली होती. गाडी तिच्या जागेवर, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावलेली. मागचं दार आणि त्यामागचा सगळा पत्रा आत गेला. शिरीष तेव्हा नवव्या मजल्यावर, जेवून आडवा झाला होता. संध्याकाळी खाली उतरला तर वायपरखाली चिठ्ठी: सॉरी, तुमची गाडी मी ठोकली, फोन करा. त्याखाली नाव आणि नंबर.

माणूस इतका सरळ, की शिरीषला आधी संशयच आला. विमा कंपनीला कळवलं की पुढच्या वर्षीची सवलत जाते, म्हणून इथे अशी प्रकरणं लोक आपसातच मिटवतात आणि मिटवताना भरपूर घासाघीस करतात. अंकलनी दुरुस्तीचे अठराशे पन्नास डॉलर चकार शब्द न काढता दिले. “पण झालं कसं हे?” असं शिरीषनं तेव्हा विचारलं होतं. “माय फॉल्ट, सर,” एवढंच उत्तर मिळालं. डुलकी लागली असणार, शिरीषनं ठरवून टाकलं. सत्तरीला टेकलेला माणूस, दिवसाचे बारा तास टॅक्सी चालवणार, दुसरं काय होणार?

अशा माणसाचे उपकारच मानायला हवेत, आणि शिरीष ते मानत होता. त्याच्या बायकोनं, सुलेखानं, आज अंकलसाठी डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले होते. “इतका भला माणूस, आणि तू अजून पैसे काढतोयस त्याच्याकडून,” हेही तिनं लाडवांबरोबर दिलं होतं.

पण शिरीष पडला बँकेतला. आभार एका खात्यात, पैसे दुसऱ्या. गाडी दुरुस्त झाली, रंगाला रंग मिळाला, तरी ती विकायला नेल्यावर डीलरनं दारावर बोटानं टकटक केलं, ‘ॲक्सिडेंट कार’ म्हणाला आणि किंमत दोन हजारांनी उतरवली. आणखी दोघांनी तेच केलं. शिरीषनं तिघांकडून लेखी घेतलं, घटीचा व्यवस्थित तक्ता केला आणि तो छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला.

चुआ अंकलनी चष्मा चढवला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. दोन हजार म्हणजे त्यांची महिनाभराची कमाई. ते हुज्जत घालतील म्हणून शिरीष उत्तरं तयार ठेवून बसला होता.

“एव्हरी मंथ फाइव्ह हंड्रेड. फोर मंथ्स. कॅन?” अंकल म्हणाले.

“कॅन, कॅन,” शिरीष म्हणाला. त्याला इतकं हायसं वाटलं, की त्यानं लाडवांचा डबा लगेच पुढे सरकवला. मग सहीसाठी कागद सरकवला.

तेवढ्यात लिफ्टमधून श्रिया बाहेर आली. शिरीषची मुलगी, आठ वर्षांची, हातात बॅडमिंटनची रॅकेट. टेबलाशी बाबा, बाबांसमोर ते अंकल आणि मध्ये कागद, हे पाहून ती जागीच थबकली. तिचे डोळे भरून आले.

“अंकल! यू प्रॉमिस्ड! यू सेड यू वोंट टेल माय बाबा!”

“आय नेव्हर टेल, गर्ल,” अंकल घाईघाईनं म्हणाले. “नेव्हर टेल.”

पण आता श्रियाला कोण आवरणार? अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, हुंदके देत तिनं सगळं सांगून टाकलं. त्या शनिवारी ती खाली खेळत होती. शटलकॉक कार पार्कच्या रस्त्यावर गेलं. उभ्या गाड्यांच्या मधून ती न बघता धावली, आणि समोरून टॅक्सी. “सो क्लोज, बाबा,” तिनं रॅकेट आडवी धरून दाखवलं. अंकलनी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि टॅक्सी बाजूच्या गाडीत घातली. ती गाडी आपलीच आहे हे तिनं पाहिलं. बाबा ओरडतील म्हणून ती खूप रडली आणि बाबांना सांगू नका, असं तिनं अंकलना विनवलं.

“शी क्राय सो मच, सर,” अंकल ओशाळून म्हणाले. “सो आय प्रॉमिस लाह.” आणि सही करायला त्यांनी पेन उघडलं.

शिरीषनं श्रियाला जवळ ओढलं. तिचे हात, खांदे, डोकं चाचपून पाहिलं, जणू अपघात आत्ता झाला होता. समोरच्या म्हाताऱ्याचे आभार कुठल्या भाषेत मानावेत ते त्याला कळेना. दोन महिने हा माणूस आपलं पोर आपल्याला परत देऊन गप्प बसला होता, आणि आपण त्याला तक्ता करून दाखवला. शिरीषनं अंकलच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, कागद उलटा केला आणि पेन कोऱ्या बाजूवर टेकवलं.

“अंकल,” तो कसाबसा म्हणाला, “तुमच्या टॅक्सीचं किती नुकसान झालं?”