आधी आंघोळ

लग्नाला बावीस वर्षं झाली तरी तिचा नियम एकच होता: बोटीवरून आलं की मागच्या दारी आंघोळ, मगच घरात पाऊल. पूर्वी नवरा रोज संध्याकाळी यायचा आणि ती रोज नाक दाबून विचारायची, "अहो, मासे बाजारात दिलेत की अंगालाच चोळून आणलेत?" शेजाऱ्यांनी त्यावर घड्याळं लावावीत, इतका नेम.

मग किनाऱ्यालगतचे मासे संपले. आधी मोठे, मागोमाग त्यांची पिल्लं. जाळ्याची भोकं बारीक करायची अक्कल सगळ्यांना एकदमच सुचली होती. आता बोट वीस-वीस दिवस लांब जाते. त्याच्या उशीला नुसता साबणाचा वास येतो आणि तिला झोप लागत नाही.

आज तो आला. बादली भरून ठेवलेलीच होती. तिनं त्याचा सदरा हातात घेतला, हळूच हुंगला. डिझेलशिवाय कसलाच वास नव्हता.

"आंघोळ राहू दे आज," तो खाली बघत म्हणाला. "तशी गरज नाही."

तिनं नाक घट्ट दाबून धरलं.

"गरज नाही कशी? इथवर वास येतोय."