तापाची गोळी

आणंदजवळच्या एका फार्मसी कॉलेजात गोळ्या बनवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक हर्षदराय अमीन स्वतः औषध कारखान्याचे मालक, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. परीक्षेला बसलेल्या झंखनाने यंत्रावर दाबलेल्या तापाच्या गोळ्यांचा हात लावताच भुगा झाला. मग तिने कॉलेजच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एप्रनच्या खिशातून दुकानातल्या साध्या पांढऱ्या गोळ्या काढल्या आणि गुपचूप त्याच पुढे केल्या.

हर्षदरायांनी त्या कोमट पाण्यात खालीवर होणाऱ्या जाळीत सोडल्या. पाव तासात त्या फुटायला हव्या होत्या. साहेबांचा चहा झाला, फाफडा झाला, वर पुन्हा चहा झाला, तरी गोळ्या आपल्या जशाच्या तशा.

"काय बेन, ही गोळी आहे की गोटी?" साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "रोग्याच्या तोंडातून आत जाईल आणि सकाळी धुऊन परत वापरता येईल! असला माल बनवणाऱ्याला मी माझ्या कारखान्यात झाडू मारायलाही उभा करणार नाही. जा, नापास!"

वर्ग फिदीफिदी हसला. आता लपवून तरी काय मिळणार होतं? झंखनाने खिशातलं उरलेलं पाकीट काढून, नाव वर येईल असं, त्यांच्या बशीशेजारी ठेवलं.



"माझ्या गोळ्यांचा तर मघाशीच भुगा झाला, साहेब. या तुमच्या कारखान्यातल्या आहेत."