मंगळवारचं गिऱ्हाईक

"काका, आधी ओळखपत्र."

काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला. या मुलीच्या जन्माआधीपासून त्यांचं इथं खातं होतं. पण कुरकुरत का होईना, त्यांनी ओळखपत्र काढलं.

शाखेत तिचं नावच 'ओळखपत्र' पडलं होतं. सख्खा बाप आला तरी ही आधी ओळखपत्र मागेल, असं शिपाई म्हणायचा.

कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीपुरती ती बँकेत शिकाऊ म्हणून आली होती. तिच्यासारखीच आणखी एक होती, आणि सुट्टी संपताना दोघींपैकी एकीलाच कायमची नोकरी मिळणार होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "हेड ऑफिस खोटी गिऱ्हाइकं पाठवतं. ओळखपत्र न बघता खात्यातलं काही सांगितलंत की नापास. नापास झालात, तर सुधारलात का ते बघायला तेच गिऱ्हाईक परत येतं. पास झालात, तर पुन्हा तोंड दाखवत नाही." शेजारी हेड ऑफिसचा माणूस गळ्यात निळी दोरी घालून बसला होता. शाखेतल्यांची दोरी पिवळी. शिकाऊंना दोरीच नाही.

नोकरी तिला हवीच होती. वडील रोज फोन करायचे.

"पक्कं झालं का?"

"अजून नाही."

"बरं. ठेवतो."

ती चौथीत असताना आई गेली. तेव्हापासून घरात शब्दसुद्धा जपून वापरले जायचे.

मग एका मंगळवारी मावशी आल्या. म्हणजे सगळेच त्यांना मावशी म्हणायला लागले, इतक्या त्या बोलक्या. "बहिणीच्या खात्यात किती आहेत, सांग ना गं," म्हणत त्यांनी ओळखपत्र शोधायला पर्स उघडली, ती आख्खी काउंटरवर सांडली. मुलीने एकेक वस्तू गोळा करून आत भरली. ओळखपत्र काही निघालं नाही.

"अगंबाई, घरीच राहिलं वाटतं." मग त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "चेहरा का उतरलाय गं? सकाळी काही खाल्लंस का?" आणि हात लांब करून त्यांनी तिची वळलेली कॉलर सरळ केली.

आई गेल्यापासून तिची कॉलर कुणी सरळ केली नव्हती. जिभेवर आलेलं वाक्य तिने गिळलं आणि शिल्लक सांगून टाकली.

पुढच्या मंगळवारी मावशी पुन्हा हजर. आता बहिणीचा पत्ता बदलायचा होता. त्यानंतर फोन नंबर. ओळखपत्र दर वेळी घरीच. मुलगी निमूटपणे काम करून द्यायची आणि मावशींचं बोलणं कान भरून ऐकायची. झोप पुरी होते का, त्या भाड्याच्या खोलीत पंखा तरी आहे का, पाणी पीत जा. सोमवारपासूनच तिचं लक्ष दाराकडे लागलेलं असायचं. एरवी कडक इस्त्रीत येणाऱ्या या मुलीची कॉलर मंगळवारी हटकून वळलेली असायची.

"आमचं ओळखपत्र मावशींपुढे लोण्यासारखं वितळतं!" शिपाई हसायचा.

शेवटच्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आत मावशी बसल्या होत्या. गळ्यात निळी दोरी होती.

"नोकरी दुसरीला मिळाली," साहेब म्हणाले. "अगं, सगळ्या गावाला ओळखपत्र मागितलंस आणि नेमकी यांच्यासमोरच माती खाल्लीस? तीही दर वेळी?"

मावशींचे डोळे भरून आले होते. "माझं कामच होतं गं ते. दर मंगळवारी देवाला म्हणायचे, आज तरी विचारू दे हिला. एकदाच विचारलं असतंस!"

वडिलांना काय सांगायचं, ते मुलीला अजून सुचलं नव्हतं. मावशींना मात्र खरं सांगावंसं वाटलं.

"ही दोरी पहिल्याच दिवशी तुमच्या पर्समधून पडली होती," ती म्हणाली. "मीच गुंडाळून आत ठेवली. पण ओळखपत्र मागितलं असतं, तर पुढच्या मंगळवारी तुम्ही आला नसता."