कॅप्टनची जर्सी

"काढा त्या जर्स्या! गावाची लाज घालवली!" आमचे हे मैदानाच्या कुंपणाला लटकून ओरडत होते. नोकरीपायी इटलीत आलो तेव्हापासून ह्यांची रविवारची पूजा म्हणजे इथला फुटबॉल क्लब. पण यंदा त्याचे हाल कुत्रं खाईना. युरोपातल्या स्पर्धेत घरच्या मैदानावर पाच गोल खाल्ले, देशातल्या कप-स्पर्धेत कुठल्याशा खेड्याच्या टीमकडून मार खाल्ला, आणि आज शेवटचा सामना हरून खालच्या लीगमध्ये गेले.

लाज आणणाऱ्या खेळाडूंना लोक इथे स्टँडखाली बोलावतात आणि जर्सी उतरवायला लावतात. कॅप्टन आला. शिळी भाकर टाकावी तशी त्याने जर्सी आमच्याकडे भिरकावली.

ह्यांनी ती झेलली. चेहरा क्षणभर लहान मुलासारखा खुलला, मग पडला. जर्सी माझ्याकडे देत म्हणाले, "बघ गं."

कोरडी ठाक! वर अत्तराचा घमघमाट. माझे भाऊ कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळायचे, त्यांच्या जर्स्या पिळताना माझी मनगटं दुखायची. इथे नव्वद मिनिटं खेळून ह्या बाबाला घाम नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात नुसतं ओरडून आम्ही चिंब!

ह्यांनी अंगातली स्वतःची जर्सी ओढून काढली, बोळा केला आणि कुंपणापलीकडे फेकला. "घे, ही घाल! हिला घाम तरी आहे!"

ती कॅप्टनच्या छातीवर पचकन आदळली. दोन बोटांच्या चिमटीत लांब धरून त्याने नाक मुरडलं.